जावयाला झोप लागावी म्हणून

आमचं घर पश्चिमेला तोंड करून होतं, आणि माझ्या बहिणीचं जे झालं ते त्यामुळेच झालं, असं आमचे अप्पा शेवटपर्यंत मानत राहिले. कुंभकोणमच्या आमच्या रस्त्यात घरं एकमेकांना खेटून उभी. प्रत्येक घरापुढे तिण्णै, म्हणजे कमरेइतका उंच ओटा आणि त्यावर लाकडी खांबांनी तोललेलं कौलारू छप्पर. इतरांच्या तिण्णैवर वाटसरू टेकत, म्हातारे पान खात. आमची तिण्णै बांबूच्या चिकांनी झाकलेली होती, कारण तिथं अप्पांचं शिवणकाम चाले. आमचे पणजे तंजावरच्या राजवाड्यासाठी तंबू आणि कनाती शिवत. राज्य खालसा झालं, तंबू उतरले ते पुन्हा उभे राहिले नाहीत, आणि आजोबा सुया-कात्र्या बांधून इकडे आले. अप्पांच्या वाट्याला वकिलांचे आणि मास्तरांचे काळे कोट आले. दुपार कलली की ऊन चिकांतून आत येई आणि त्या काळ्या कापडावर सोन्याच्या धाग्यांसारखे पट्टे पडत. अप्पा शिव्या देत जागा बदलत, ऊन त्यांच्या मागोमाग सरके.

त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. हातमशीनची घरघर, कात्री फळीवर आपटल्याचा ठक्क आवाज, आईचं उखळ, आणि अक्काचं गुणगुणणं. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं नाव अंबू. कोटाची काजं तिच्यासारखी कोणाला जमत नसत. ओळीनं बसलेल्या मुंग्यांसारखे टाके. काजं करताना ती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणे आणि दोरा दातांनी तोडताना मध्येच थांबे, म्हणून तिचं गाणं तुकड्यातुकड्यांत ऐकायची मला सवय झाली होती. दुपारी आई आम्हाला दहीभात आणि मिठातली कैरी वाढी. अक्का आपल्या पानातली कैरी माझ्या पानात टाकी आणि म्हणे, "घे रे किट्टू, कॉलेजात डोकं चालवावं लागतं. आम्हांस काय, बोटं चालली की झालं." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अप्पांनी शिवलेला कोट घालून मी रोज नदी ओलांडून जाई, आणि वर्गात कोणी काही विचारलं तर उत्तर येत असूनही उभा राहायला घाबरे. कोट इतका नीट शिवलेला होता की तो घालून चुकायची मला लाज वाटे.

अक्काचं लग्न तंजावरला झालं होतं. दाजी एका वकिलाकडे कारकून होते. लग्नानंतर आडी महिना आला. या मुलखात आडीत नवी सून माहेरी आणतात, महिना सरला की नवरा येऊन घेऊन जातो. आमच्या लोकांत त्यात आणखी एक रीत होती. जावयानं सासऱ्याच्या घरी एक रात्र मुक्काम करायचा, सकाळी न्याहारी करायची आणि मगच बायकोला घेऊन निघायचं. मुक्काम न करता मुलगी नेली तर ती पळवून नेल्यासारखी, आणि मुक्काम करून नेली नाही तर ती टाकल्यासारखी. आडी सरला, आवणी सरला, दाजी आले नाहीत. अप्पा फक्त अक्काकडे जास्त कोट देऊ लागले.

पहिल्या दिवाळीला दाजी आले. गोरे, नीटस, बोटांत अंगठ्या. फार हळू बोलत, आणि समोरच्याचं बोलणं संपलं की थोडं थांबून हसत. ते पहाटेच्या गाडीनं उतरताच आईनं तेल, उटणं, ऊन पाणी सगळं केलं. अप्पांनी स्वतः शिवलेला रेशमी कोट दिला. अक्का स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. जेवणं झाली. आत एकच लांबट खोली आणि तिच्यात आम्ही सगळे, म्हणून आईनं दाजींची गादी तिण्णैवर चिकांमागे घातली. बाहेर पाऊस सुरू झाला होता. चिकांतून तुषार गादीवर येत होते. दाजींनी गादीवर हात फिरवला, मग बोटं पुसली.

"मामा, रागावू नका," ते अप्पांना म्हणाले. "रस्त्यात झोपल्यासारखं वाटतं. येणारा-जाणारा माझे पाय बघणार. मज सवय नाही."

"आत घालू गादी, जावईबापू. आम्ही बाहेर झोपू."

"छे छे. तुम्ही या वयात पावसात? मज पाप लागेल की." आणि हसून ते संध्याकाळच्या गाडीनं गेले. अक्काची पेटी बांधून दाराशी ठेवलेली होती. ती तिनं स्वतः ओढत आत नेली.

दुसऱ्या दिवशी समोरच्या रंगूबाई शेण मागायला आल्या. त्यांना शेण नको होतं. "काय गे अंबू," त्या म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचे पाय काय मोत्यांचे आहेत? आम्ही बघितले तर झिजणार होते?" अक्का हसली. आई हसली नाही. त्या रात्री अप्पांनी जेवताना सांगितलं की तिण्णै बंद करायची. तिची चांगली खोली करायची, जावयाला शोभेल अशी.

आज मागं वळून पाहताना मला नवल वाटतं ते याचं, की आमच्यापैकी कोणीच असं म्हणालं नाही की हा माणूस येणार नाही. त्यानं तक्रार सांगितली होती, आणि तक्रार म्हणजे काम. बाही तोकडी आहे म्हणून कोणी कोट परत आणला तर अप्पा बाही उसवून नवी लावत. गिऱ्हाइकाला कोटच नको असेल हा विचार त्यांना शिवत नसे. मी तर त्यांच्याहून पुढे. उष्णता, हवा, तिचं वर चढणं हे सगळं त्याच वर्षी शिकत होतो. मला वाटे, विद्येचा घराला उपयोग व्हावा तो असाच.

खांबांमध्ये विटांची भिंत चढू लागली तेव्हा खिडक्या कशा असाव्यात यावरून घरात खूप बोलणं झालं. अप्पांना काच हवी होती. दाजींच्या वकिलाच्या घराला काचा आहेत असं त्यांनी ऐकलं होतं. मी चाचरत म्हणालो की पश्चिमेचं ऊन काचेतून आत येईल आणि वारा मात्र बाहेर राहील. आई म्हणाली, नुसते गज लावा, बाकी पडदा सोडा. तेव्हा अक्का, जिला कोणी विचारलं नव्हतं, काज करता करता म्हणाली, "झिलमिल लावा. आडव्या पट्ट्या. आतून रस्ता दिसतो, रस्त्यातून आतलं माणूस दिसत नाही. वाराही येतो."

अप्पांनी कात्री खाली ठेवली. "तुज रस्ता कशास पाहायचा? तू इथं राहणार आहेस?"

अक्का पुन्हा काजावर वाकली. पण झिलमिलच ठरली. खालच्या अर्ध्यात सागवानी पट्ट्यांची झडपं, वर काचेची लहान तावदानं. बिजागऱ्या आणि कड्या अप्पांनी स्वामीमलैहून ओतून आणल्या. देव ओतणाऱ्या हातांनी केलेली कडी जावयाच्या हाताला गुळगुळीत लागेल, असं त्यांचं म्हणणं. काचेचा रंग तेवढा अप्पांनी अक्काला निवडू दिला. ती बाजारातून आलेले तुकडे एकेक करून डोळ्यांपुढे धरून रस्त्याकडे बघत राहिली. लाल, निळा, पिवळा. शेवटी हिरवा धरून ती हसली. "किट्टू, बघ तरी, रंगूबाईचं घर पाण्यात बुडालंय."

संक्रांतीला दाजी आले. त्यांनी झडपं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. कडीवर अंगठा फिरवला. "फार सुरेख," ते म्हणाले. "मामांची दृष्टीच वेगळी." आई आतून कान देऊन ऐकत होती. दाजी खोलीच्या मध्यभागी जाऊन थोडा वेळ उभे राहिले आणि त्यांनी गळ्याशी हात नेला. "कोंडल्यासारखं मात्र होतं. तुम्हांस नाही होत? बहुतेक माझाच दोष." आणि ते गेले. जेवून, धोतरजोडी घेऊन गेले.

आता माझी पाळी होती. मी कोळशानं भिंतीवर खोलीचं चित्र काढून अप्पांना समजावलं की तापलेली हवा वर चढते आणि छताखाली कोंडून राहते. तिला वाट दिली की खालून गार हवा आपोआप आत येईल. अप्पा पुष्कळ वेळ चित्राकडे पाहत राहिले. त्यांनी मला कधी कौतुकाचा शब्द दिला नव्हता. त्या दिवशी ते आईला म्हणाले, "याची फी वाया नाही गेली." छताखाली झरोके पाडले गेले. मी झरोक्यात कापसाचा धागा टांगला. तो बाहेरच्या बाजूला झुकला तेव्हा मी अक्काला हाक मारली. अक्का दारात उभी राहून त्या धाग्याकडे पाहत होती. "हा धागा त्यांस दाखवणार आहेस?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. तिनं पुन्हा एकदा वर पाहिलं. मग म्हणाली, "किट्टू, तू फार भाबडा आहेस रे." तिला माहीत होतं असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं, तिला धाग्याचं शास्त्र कळलं नाही.

पंगुनी महिन्यात उन्हाळा तापला. चित्तिरैला, म्हणजे नव्या वर्षाला, जावयाला बोलावणं जायचं होतं, आणि अप्पांना आता धोका पत्करायचा नव्हता. ते म्हणाले, खोली पारखून घेऊ. माणूस आत बसवल्याशिवाय कसं कळणार? माणूस म्हणजे अक्का. भर दुपारी तिला लग्नातलं रेशमी लुगडं नेसायला लावलं, कारण जावई काही पंचा नेसून बसणार नाही. तिला गादीवर बसवून दार बाहेरून ओढून घेतलं. बाहेर रस्त्याच्या बाजूला अप्पा झडपेशी कान लावून बसले आणि थोड्या थोड्या वेळानं विचारू लागले.

"अंबू, घाम आला काय?"

"नाही अप्पा."

"खरं सांग. कपाळास हात लाव."

"नाही."

"आता?"

"थोडा."

"कुठं? पाठीस की मानेस?"

रस्त्यात लोक जमले होते. रंगूबाई आपल्या दारातून ओरडल्या, "अहो, शिजली असेल तर उतरवा की!" लोक हसले. अप्पाही हसले, ओशाळून, पण उठले नाहीत. बऱ्याच वेळानं आतून उत्तर येईना तेव्हा मी दार ढकललं. अक्का भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरे, लुगडं अंगाला चिकटलेलं. मी तिला पाणी पाजलं. अप्पा आत आले, त्यांनी गादीला हात लावून पाहिला, वर झरोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "झरोक्यांनी भागत नाही. पाणी लागणार." मग अक्काकडे वळून, "तुझ्या अंगातच ऊब जास्त. म्हणून तर..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पण घरात अशी वाक्यं पुरी करायला लागत नाहीत.

मग वाळ्याच्या तट्ट्या आल्या. वाळ्याच्या मुळांच्या जाड चटया, खिडकीच्या मापाच्या. त्यांवर पाणी शिंपडत राहिलं की आत येणारा वारा गार होतो आणि त्याला ओल्या मातीचा वास येतो. आणि पंखा आला. आता माझ्या डोक्यावर विजेचा पंखा फिरतो, भिंतीवरचं बटण दाबलं की सुरू. तेव्हाचा पंखा म्हणजे छताला टांगलेली लांब चौकट, तिला कापडी झालर, आणि दोरी ओढणारं कोणीतरी. झालर अप्पांनी शिवली. राजवाड्याच्या जुन्या तंबूच्या कापडी छताचा एक जरीकाठी तुकडा आजोबांपासून पेटीत होता, तोही त्यांनी तिला लावला. कनात शिवणाऱ्यांच्या घरातला मी शेवटचा मोठा टाका पाहिला तो त्या झालरीत. जावयाच्या खोलीत परकं माणूस नको, म्हणून दोरी भिंतीच्या भोकातून आतल्या खोलीत नेली. तिथं भिंतीकडे तोंड करून अक्कानं बसायचं आणि ओढायचं. मध्ये मध्ये उठून मागच्या बोळातून रस्त्यावर जायचं, तट्ट्यांवर पाणी मारायचं आणि पुन्हा येऊन दोरी धरायची.

चित्तिरैत दाजी आले. पन्हं झालं, जेवण झालं, पुरण झालं. ते खोलीत गेले. आम्ही सगळे आतल्या खोलीत श्वास रोखून उभे होतो. अक्का दोरी ओढत होती. पलीकडून झालरीचा फडफड आवाज, मग विडा चघळल्याचा, मग काही नाही. आणि मग घोरणं. अप्पांनी माझा दंड धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "झोपला," ते कुजबुजले. "ऐक, ऐक कसा घोरतोय!" आईनं देवापुढे दिवा लावला. भर दुपारी. अक्काच्या तळहातांना फोड आले होते. तिनं दोरीला पदर गुंडाळला आणि ओढत राहिली. ऊन उतरेपर्यंत दाजी झोपले होते.

ते उठले, तोंड धुतलं, कॉफी घेतली. "मामा, अशी झोप मज वर्षात लागली नाही. पंखा कोण ओढत होतं? हात फार चांगला आहे. एकसारखा."

"घरचाच हात आहे, जावईबापू," अप्पा म्हणाले. "तुमच्याच घरचा."

दाजी नेहमीसारखे थांबले आणि हसले. "या खिडक्या," ते म्हणाले, "या खिडक्यांची तर गोष्टच वेगळी. मी नवं घर बांधतोय, ठाऊक आहेच तुम्हांस. तिकडे अशा खिडक्या करणारा माणूस नाही."

आमच्यात जावयानं सासुरवाडीत एखाद्या वस्तूची तोंडभर स्तुती केली की ती त्याच्या मागोमाग पाठवायची रीत होती. चांदीचा पेला, पितळी दिवा, कधी वासरूही. अप्पांनी खिडक्यांकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला. मला त्यांचा विचार दिसला. ज्याच्या घराला आपल्या खिडक्या लागणार, तो आपल्या मुलीला कसा बाहेर ठेवील? "त्या तुमच्याच समजा," ते म्हणाले. "आजची रात्र मात्र इथं."

"उद्या कोर्ट आहे ना," दाजी म्हणाले. "पण आता काय, झोप लागते हे कळलंच आहे." आणि ते स्टेशनाकडे चालू लागले.

आठवड्यानं पहाटे बैलगाडी दारात आली. गाडीवान गावातलाच होता, तंजावरहून निरोप येऊन ठरवलेला. सुतारानं चौकटी भिंतीतून काढायला घेतल्या. पहारीच्या घावासरशी गिलावा पडे. हिरवी तावदानं अक्कानं स्वतः सोडवली आणि भाताच्या पेंढ्यात एकेक करून गुंडाळली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "तू राहू दे. तुझ्या हातून फुटली तरी नाव माझंच होईल." गाडीवान तंबाखू मळत म्हणाला, "जपून हं, अम्मा. लग्नघरी जायचंय सगळं."

आई दारात होती. "कोणाचं लग्न?"

"घरमालक अय्यांचंच की," गाडीवान म्हणाला. मग आमच्या तोंडांकडे पाहून त्यानं तंबाखू तशीच मुठीत धरली.

सुताराची पहार थांबली. अप्पा रिकाम्या भिंतीसमोर उभे होते. मला वाटलं आता ते चौकटी उतरवायला सांगतील, गाडीवानाला हाकलतील. ते अक्काकडे वळले. "अंबू," ते म्हणाले, "लुगडं बदल. फुलं माळ. गाडीबरोबर तू जायचंस."

"अप्पा, मुक्काम..."

"मुक्काम गेला खड्ड्यात. खिडक्या आत गेल्या की तूही आत जा. वस्तू घेतली, माणूस कसं नाकारतील? किट्टू, तू पोचवून ये."

अक्कानं आईकडे पाहिलं. आईनं पदर तोंडात धरला होता. रंगूबाई आज दारात नव्हत्या. त्यांच्या घराची झडप मात्र बोटभर उघडी होती.

गाडी दारासुरम् मागं टाकून निघाली तेव्हा ऊन पडलं होतं. तिथल्या विणकरांच्या मागांचा खटखट आवाज काही वेळ आमच्याबरोबर आला आणि मागं राहिला. अक्का चौकटींच्या मधल्या जागेत, पेंढ्यावर बसली होती. काचांचं गाठोडं तिच्या मांडीवर, आणि गाडी आपटली की ती दोन्ही हातांनी ते उचलून धरी. ऊन चढलं तसं तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "नवीन येणारी किती वर्षांची असेल रे?" मी म्हणालो, मला ठाऊक नाही. "लहान असेल," ती म्हणाली. "मी तिज काजं शिकवीन. दोघी असलो तरी राहता येतं. राहतात की लोक." रस्ताभर ती दुसरं काही बोलली नाही. मला कळलं की ती आता बायको म्हणून घेतील या आशेवर नव्हतीच. एका छपराखाली घेतील एवढ्यावर आली होती.

तंजावरला पोचलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. दाजींचं नवं घर चुन्याच्या वासानं भरलेलं, दाराला मांडवाचे खांब. दोन मजूर बाहेर आले आणि चौकटी उतरवून नेऊ लागले. अक्काच्या सासूबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. आत जाणाऱ्या प्रत्येक चौकटीला त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. नव्या घरात लाकूड आणताना तसं करतात. वरच्या मजल्यावरून दाजींचं तोंड दिसलं. मी खाली मान घातली. ते म्हणाले, "अरे किट्टू, बरं झालं आलास. ते झरोके छतापासून किती खाली ठेवले होते रे?"

"वीतभर," मी म्हणालो. कॉलेजात मला कधी इतक्या झटकन उत्तर देता आलं नव्हतं.

शेवटी अक्कानं मांडीवरचं गाठोडं दिलं. मजूर ते घेऊन गेला. गाडी रिकामी झाली, पेंढा आणि ती. तिनं पदर नीट केला, पाय गाडीच्या कडेला आणले. तेव्हा सासूबाई ताट घेऊन पुढे आल्या. माझ्या जिवात जीव आला. ओवाळतील, आत घेतील. पण अक्काचे पाय होते तिथंच थांबले. तिनं माझ्याआधी ताट पाहिलं होतं. घरात घ्यायच्या सुनेला लाल पाण्यानं ओवाळतात आणि ते पाणी रस्त्यात टाकतात. ताटात पाणी नव्हतं. हळदकुंकू होतं, विडा होता, नारळ होता. आलेली सुवासिनी परत निघाली की तिला हे देतात. घरची सून निघते तेव्हा नाही. पाहुणी निघते तेव्हा.

"दमलीस गे," सासूबाई म्हणाल्या, फार मायेनं. "उतरू नको बाई, जमीन तापली आहे, पाय भाजतील. कपाळ पुढं कर."

अक्कानं कपाळ पुढं केलं. सवाष्णीनं कुंकवाला नाही म्हणायचं नसतं. सासूबाईंनी कुंकू लावलं, तिच्या ओटीत नारळ आणि विडा घातला, आणि गाडीवानाला म्हणाल्या, "बैलांस पाणी दाखव आणि नीघ बाबा. लांब जायचंय यांस."

रात्र आम्ही वाटेतल्या एका छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, काढली. अक्का झोपली की नाही मला सांगता येत नाही. सकाळी गाडीवान बैल जुंपत होता तेव्हा तिनं ओटीतला नारळ काढला आणि छत्राच्या पायरीवर आपटला. पाणी सांडून गेलं. अर्धी वाटी तिनं माझ्या हातात ठेवली. मी म्हणालो, ओटीतला नारळ असा फोडू नये. "खा," ती म्हणाली. "काल सकाळपासून तू काही खाल्लं नाहीस." दुसरी अर्धी ती दातांनीच खरवडून खात राहिली, भुकेलेल्या मजुरासारखी, रस्त्यात, सगळ्यांदेखत. विड्याचं पान तिनं बैलाला घातलं.

दुपारी आम्ही आमच्या रस्त्यात वळलो. पश्चिमेचं ऊन घरावर पडलं होतं. खिडक्यांच्या जागी भिंतीला भोकं, त्यांच्या कडांना फुटका गिलावा, आणि आत जमिनीवर अप्पा कोट मांडीवर घेऊन बसलेले. ऊन सरळ त्यांच्या अंगावर येत होतं आणि ते जागा बदलत नव्हते. गाडीचा आवाज ऐकून ते उठले आणि भोकापाशी आले. त्यांनी गाडीत पेंढ्यावर बसलेल्या अक्काकडे पाहिलं, तिच्या कपाळावरच्या ताज्या कुंकवाकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. मी वाट पाहत राहिलो.

"काचा नीट पोचल्या?" अप्पांनी विचारलं.

"पोचल्या अप्पा," अक्का म्हणाली आणि गाडीतून उतरली. "एकीलाही तडा नाही."